आकड्यांनी विमानाची भीती जात नाही

विमानाला घाबरणाऱ्या माणसाला आपल्याकडे सल्ल्यांचा तुटवडा नसतो. मुलगी न्यू जर्सीत बाळंत व्हायची आहे, व्हिसा आलाय, डिंकाचे लाडू बांधून झालेत, आणि आई म्हणते, ‘मला नाही जमायचं.’ मग धाकटा मुलगा मोबाईलवर आकडे काढतो: विमानापेक्षा आपला एक्स्प्रेसवे कितीतरी धोक्याचा. आई मान डोलावते. तिला ते पटलेलंही असतं. पण जायचं म्हटलं की पुन्हा हातपाय गार.

भीती अज्ञानातून येते, हीच मुळात गफलत आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अनेक अमेरिकनांनी विमान सोडून मोटारी काढल्या. त्यापायी वर्षभरात रस्त्यांवर सुमारे १,५०० जास्तीचे बळी गेले, असा अंदाज गर्ड गिगेरेन्झर या मानसशास्त्रज्ञाने मांडला. रस्त्यावरचा धोका तिथे कुणापासून लपलेला नव्हता.

अहमदाबादच्या विमान अपघातानंतर उलटाही सूर लागला: घाबरणंच शहाणपणाचं. जून २०२५ च्या त्या अपघातात विमानातल्या २४२ पैकी २४१ जण गेले. त्या आठवड्यात कुणी तिकीट रद्द केलं असेल, तर त्याला भित्रा म्हणायचं माझं धाडस नाही. पण प्रत्येक रद्द तिकिटाबरोबर जो ‘सुटलो’चा सुस्कारा निघतो, तोच भीतीचा खुराक. न गेल्यामुळे वाचलो, एवढंच मेंदू शिकतो.

‘मग गोळी घ्या की!’ हा सल्ला तर डॉक्टरांच्या घरातही मिळतो. १९९७ साली विल्हेल्म आणि रॉथ या संशोधकांनी विमानाला घाबरणाऱ्या २८ स्त्रियांना दोनदा विमानात बसवलं. पहिल्या फेरीला काहींना अल्प्राझोलाम हे चिंताशामक औषध दिलं, बाकीच्यांना नुसती खोटी गोळी. आठवड्याने, दुसऱ्या फेरीला, कुणालाच औषध नाही. अल्प्राझोलाम घेतलेल्या गटात पहिल्यांदा ७ टक्के बायकांना भीतीचा झटका आला होता; दुसऱ्यांदा ७१ टक्क्यांना. अभ्यास लहान आहे, पण त्याचा रोख स्पष्ट आहे: प्रवास गोळीने केला, बाईच्या पदरी अनुभव पडलाच नाही. (दोन पेग मारून चढणाऱ्यांनीही हे वाचावं.)

थेरपी नेमकं याच्या उलट करते. ‘नुसतं बोलून काय होणार?’ असं विचारणाऱ्यांनी वर्तनोपचाराचं सत्र पाहिलेलं नसतं. तिथे माणसाला खुर्चीत गरगर फिरवतात, बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायला लावतात. घेरी आली, छाती धडधडली तरी आपण मरत नाही, हे त्याच्या अंगाला कळावं म्हणून. उड्डाणानंतर थोड्याच वेळात वैमानिक इंजिनांचा जोर ठरवून कमी करतो. आवाज एकदम उतरतो, पोटात गोळा येतो, आणि घाबरलेल्याला वाटतं, इंजिन बंद पडलं. तो आवाज त्याला आधी पुन्हा पुन्हा ऐकवतात. मग खुर्चीचा हात सोडायला सांगतात. हवाई सुंदरीच्या चेहऱ्यावर टक लावून ‘ही घाबरली का?’ हे पाहत बसायचं नाही, असंही बजावतात. हे सगळं भीती अंगात असतानाच करायचं. ती जाण्याची वाट पाहायची नाही.

त्यासाठी दर वेळी विमान लागतंच असं नाही. अटलांटात बार्बरा रॉथबॉम आणि सहकाऱ्यांनी २००० साली काही रुग्णांना विमानतळावर उभ्या विमानात बसवलं, तर काहींना डोळ्यांवर यंत्र लावून आभासी विमानात. गुण दोघांनाही सारखाच आला. तेव्हा ‘ही श्रीमंतांची थेरं’ या आक्षेपातही फार दम नाही. आपल्याकडे असे प्रशिक्षित थेरपिस्ट सहज सापडत नाहीत, ही तक्रार मात्र खरी.

राहिला शेवटचा आक्षेप: भीती परत येते. येते ना! बरं वाटल्यावर पुन्हा वर्षानुवर्षं विमानाकडे फिरकलंच नाही, तर येणारच. म्हणून चांगला थेरपिस्ट उपचार संपता संपता पुढचं तिकीट काढायला लावतो. मुंबई-गोवा, सव्वा तासाचं उड्डाण, या कामी उत्तम. फक्त ‘असू दे हाताशी’ म्हणून काढलेलं कोकणकन्येचं तिकीट आधी रद्द करावं.