मोळी पडण्याआधी बसा

१५ नोव्हेंबर २०१७ रोजी नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या शेवगाव तालुक्यात ऊस उत्पादकांचे आंदोलन चिघळले. मागणी टनाला ३,१०० रुपयांची. शेवटी पोलिसांनी गोळीबार केला, दोन शेतकरी जखमी झाले. समोरासमोर उभे होते ते ऊस घालणारे आणि वर्दीतले शिपाई. त्यांतले कित्येक शिपाईही ऊसवाल्यांच्याच घरचे असणार. भाव ठरवणे दोघांच्याही हातात नव्हते.

नगर जिल्ह्यात ही गाठ पुन्हा पुन्हा पडते आणि दरवेळी चर्चा फिरते ती लाठी आधी उगारली की दगड आधी आला, याभोवती. चौकशीपुरता तो प्रश्न ठीक. पण तिढा सुटायचा तर निर्णय घेणारा माणूस वेळेवर समोर यावा लागतो, आणि त्याच्याशी बोलणारा माणूस रस्त्यावरच्यांना आपला वाटावा लागतो. त्याच वर्षी जूनमध्ये पुणतांब्यातून पेटलेल्या शेतकरी संपात पहिली अट पुरी झाली, दुसरी नाही. मुख्यमंत्र्यांच्या ‘वर्षा’ बंगल्यावर रात्रभर बैठक चालली, पहाटे संप मागे घेतल्याचे जाहीर झाले आणि उजाडेपर्यंत आंदोलनात फूटही पडली. किसान सभेचे, अकोले तालुक्यातले अजित नवले बैठकीतून बाहेर पडले, संप पुढे चालू राहिला.

त्याच नवल्यांच्या किसान सभेने मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटरचा मोर्चा नेला. मोर्चा मुंबईत पोहोचला त्याच्या दुसऱ्या दिवशी दहावीची परीक्षा होती. मुलांची अडचण नको म्हणून दिवसभर चाललेली माणसे सोमय्या मैदानावर न झोपता रात्रीच आझाद मैदानाकडे निघाली. वाहतुकीचा प्रश्न आपोआप मिटला. सरकारनेही त्याच दिवशी लेखी आश्वासन दिले. (ते पुरते पाळले गेले नाही, म्हणून २०२३ मध्ये पुन्हा चालावे लागले, ही गोष्ट वेगळी.)

वाद पेटण्याआधीच माणसांना समोरासमोर बसवणे दंगलीच्या बाबतीत महाराष्ट्राने आधी करून दाखवले आहे. १९८४ मध्ये होरपळलेल्या भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या उभ्या केल्या. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. गणपती-मोहरमच्या आधी नगरमध्येही शांतता समितीची बैठक होते. मिरवणुकीचा मार्ग आणि वेळ त्यात ठरते.

मग उसासाठी का नाही? हे आंदोलन काही अचानक उगवत नाही. गाळप हंगाम तोंडावर आला की दराचा वाद ठरलेला. केंद्राची एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, आधीच जाहीर असते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने चौदा दिवसांत पैसे द्यायचे बंधनही आहे. तरी हंगामाआधी कार्यकर्त्याच्या हाती सरकारी कागद पडतो तो बहुधा पोलिसांच्या प्रतिबंधात्मक नोटिशीचा.

त्याऐवजी गव्हाणीत मोळी पडण्याआधी, म्हणजे गाळप सुरू होण्याआधी, जिल्हाधिकाऱ्यांनी कारखाने, संघटना, साखर सहसंचालक आणि पोलीस अधीक्षकांना एका टेबलावर बसवावे. पहिली उचल, म्हणजे उसाच्या पैशाचा पहिला हप्ता, कोण, कधी जाहीर करणार हे लिहून घ्यावे. रास्ता रोको झालाच तर कुठे, किती वेळ, रुग्णवाहिका कुठून जाणार, संघटनेच्या वतीने शब्द कोण देणार, हेही तिथेच ठरावे. इतिवृत्त गावोगाव चावडीवर लागावे.

आंदोलनाची धार बोथट होईल, अशी शंका संघटनांना येईल. ती रास्त आहे. म्हणून बैठकीला बसणे म्हणजे आंदोलनाचा हक्क सोडणे नव्हे, हे इतिवृत्ताच्या पहिल्याच ओळीत असावे. कारखानदार मात्र गैरहजर राहतील, ही शंका जास्त खरी. त्यांचा गाळप परवाना साखर आयुक्तांकडून येतो. तो देताना या बैठकीतली हजेरी तपासावी.