संडासातून रक्त जात असेल तर थांबू नका, ऑपरेशन सांगितले तर पळू नका

बोरी अरब आणि दारव्हा तालुक्यातील बंधू-भगिनींनो,

तुमच्या घरात कुणाला संडासातून रक्त जात असेल, पोट साफ होण्याची सवय तीन आठवड्यांहून अधिक काळ बिघडलेली असेल, जाऊन आल्यावरही कोठा मोकळा झाल्यासारखे वाटत नसेल, वजन उतरत असेल किंवा कारण नसताना अंगातले रक्त कमी झाले असेल, तर या आठवड्यातच त्या माणसाला डॉक्टरकडे न्या. सोयाबीन निघू द्या, कापसाची वेचणी होऊ द्या, पोरीचे लग्न पार पडू द्या, असे म्हणत दिवस ढकलू नका.

आपल्याकडे या दुखण्यावर एकच उत्तर ठरलेले असते : "मूळव्याधच असंन, जाईन आपसूक." बहुतेकांच्या बाबतीत ती मूळव्याध किंवा फिशर (गुदद्वाराची चीर) असते, हे खरे आहे. पण मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा कर्करोगही सुरुवातीला असाच दिसतो. दोन्हींतला फरक रक्ताच्या रंगावरून घरी ओळखता येत नाही. तो तपासूनच कळतो. भिंतीवर रंगवलेल्या 'बिना ऑपरेशन मूळव्याध-भगंदर' अशा जाहिराती वाचून कुणाकडून सुई टोचून घेण्याआधी एवढे विचारा : यांनी आत तपासले का?

पहिली तपासणी अगदी साधी आहे. डॉक्टर हातमोजा घालून बोटाने गुदद्वाराच्या आत तपासतात. मिनिटभराचे काम. गुदाशयाच्या खालच्या भागातल्या अनेक गाठी बोटाला लागतात. या एका मिनिटाच्या लाजेपायी माणसे वर्ष घालवतात. बाईमाणसाने सोबत नर्स किंवा घरची बाई हवी असे सांगावे, तो तिचा हक्क आहे. अंगातले रक्त कमी झालेल्या प्रत्येक बाईला 'पाळीमुळे असेल' म्हणून फक्त लोहाच्या गोळ्या देऊन परत पाठवणेही धोक्याचे आहे. पाळी गेलेल्या बाईचे आणि कोणत्याही पुरुषाचे रक्त कमी झाले, तर ते कुठून जाते हे शोधलेच पाहिजे.

पुढची तपासणी दुर्बिणीची, म्हणजे कोलोनोस्कोपी. आदल्या दिवशी पोट साफ करण्याचे औषध पितात आणि फक्त पातळ पदार्थ घेतात. मग साधारण दीड मीटर लांबीचे मोठे आतडे आतून पाहतात. तिथे पॉलिप म्हणजे लहान कोंब दिसला, तर बहुधा त्याच वेळी काढता येतो. अशा कोंबाचा कर्करोग व्हायला सहसा दहाएक वर्षे लागतात. वेळेवर पाहिले तर रोग होण्याआधीच थांबवता येतो, आणि झालेला असला तरी लवकर सापडतो. अमेरिकेतल्या नोंदी सांगतात की रोग आतड्यापुरताच असताना सापडला तर दहापैकी सुमारे नऊ रुग्ण पाच वर्षांनंतरही जिवंत असतात. रोग यकृतात किंवा फुप्फुसात गेल्यावर हा आकडा फार खाली येतो.

आता दुसरी विनंती, आणि ती पहिलीइतकीच निकडीची आहे. तपासणीत गाठ निघाली, डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितले, आणि 'पोटाला पिशवी लागते म्हणे' हे कानावर पडताच रुग्ण फाईल घेऊन घरी येतो. मग जडीबुटी, मग नवस, मग आतडे तुंबल्यावर रात्री धावपळ. तातडीने करावे लागलेले ऑपरेशन नेहमीच अधिक जोखमीचे असते. भीती वाटणारच. पण भीती वाटली म्हणून पळू नका, विचारा.

ऑपरेशनमध्ये गाठ असलेला आतड्याचा भाग, त्याच्या दोन्ही बाजूंचा थोडा निरोगी भाग आणि त्याला लागून असलेल्या लसिकाग्रंथी काढतात. उरलेली दोन टोके टाक्यांनी किंवा स्टेपलरने जोडतात. काढलेला भाग तपासायला जातो. त्यात किमान बारा ग्रंथी पाहिल्या जाव्यात असा नियम आहे, आणि केमोथेरपी लागेल का हे त्या अहवालावर ठरते. गाठ गुदाशयात असेल तर आधी एमआरआय करतात. कधी ऑपरेशनपूर्वी रेडिएशन आणि केमो देऊन गाठ लहान करून घेतात. त्या काळात 'डॉक्टर चालढकल करतात' असे समजून उपचार सोडू नका.

पिशवी प्रत्येकालाच लागत नाही. लंडनचे सर्जन माइल्स यांनी १९०८ मध्ये जी शस्त्रक्रिया मांडली, तिच्यात गुदद्वारच काढावे लागे आणि पिशवी कायमची राहत असे. पुढे स्टेपलर आले. १९८२ मध्ये इंग्लंडच्या बिल हील्ड यांनी गुदाशय त्याच्या भोवतालच्या चरबीच्या वेष्टणासह अखंड काढण्याची पद्धत मांडली. आता अनेकांचा नैसर्गिक मार्ग वाचतो. पुष्कळदा पिशवी तात्पुरती असते : जोड भरून येईपर्यंत मळ दुसरीकडून काढतात आणि काही महिन्यांनी ती वाट बंद करतात. गाठ गुदद्वाराच्या अगदी जवळ असेल तर मात्र पिशवी कायमची राहू शकते.

पोटावरचे ते तोंड, स्टोमा, ओठाच्या आतल्या बाजूसारखे लाल आणि ओलसर असते. हात लावला तरी दुखत नाही. पिशवी नीट बसली तर वास येत नाही. पिशवी लावून आंघोळ करता येते, एसटीने जाता येते आणि जखम भरल्यावर शेतावरही जाता येते. जड ओझे मात्र डॉक्टरांना विचारूनच उचलावे. लहान आतड्याची पिशवी असेल तर शरीरातले पाणी आणि मीठ बरेच जाते. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे जातो, तेव्हा नुसते पाणी पुरत नाही, ओआरएस जवळ ठेवाच.

ऑपरेशनआधी हे प्रश्न कागदावर लिहून न्या आणि उत्तरे मिळाल्याशिवाय उठू नका :

१. गाठ नेमकी कुठे आहे आणि किती पसरली आहे?
२. आधी रेडिएशन किंवा केमो लागेल का?
३. पिशवी लागेल का? लागली तर तात्पुरती की कायमची?
४. पिशवीची जागा आधी खूण करून ठरवाल का? ती बदलायला कोण शिकवेल?
५. लघवीवर आणि शरीरसंबंधावर काही परिणाम होईल का?
६. असे ऑपरेशन इथे नियमित होते का?
७. घरी गेल्यावर त्रास झाला तर कोणत्या नंबरवर फोन करू?

चालू असलेली सगळी औषधे दाखवा, रक्त पातळ करणारी गोळी तर आवर्जून. खर्रा आणि बिडी आजच बंद करा. बिडीने आतड्याचा जोड भरायला अडथळा येतो. ऑपरेशननंतर सांगतील तेव्हा उठून चाला, त्याने पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका कमी होतो. पहिल्या पंधरवड्यात ताप, वाढत जाणारी पोटदुखी, पोट फुगणे किंवा छातीत धडधड झाली तर जोड गळत असू शकतो. सकाळची वाट पाहू नका, १०८ वर फोन करा. गुदाशयाच्या ऑपरेशननंतर बरेच महिने वारंवार जावे लागते, घाई होते. त्यावर उपाय आहेत, लपवू नका.

जायचे कुठे? आधी जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा दारव्ह्याच्या सरकारी दवाखान्यात. पुढे यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय. मुंबईत परळला १९४१ पासून टाटा मेमोरियल आहे. पैशाच्या काळजीने थांबू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा, दवाखान्यात योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा किंवा १५५३८८ वर विचारा. तपासण्या आणि पिशव्यांचा खर्च योजनेत बसतो का, हेही आधीच विचारून घ्या.

गावालाही मागणे आहे. आशाताई आणि बचत गटाच्या बायांनी घरोघरी ही लक्षणे सांगावीत. ग्रामपंचायतीने हे प्रश्न फलकावर लावावेत. ऑपरेशनला गेलेल्याची वेचणी शेजाऱ्यांनी उरकून द्यावी. पिशवी लागलेल्या माणसाला पंगतीतून, देवळातून, लग्नातून बाजूला बसवू नका. ज्याने असे ऑपरेशन करून घेतले आहे आणि ज्याची बोलायची तयारी आहे, त्याने नव्या रुग्णाला अर्धा तास भेटावे. तो धीर कोणत्याही पत्रकाने येत नाही.

आज रात्री जेवताना घरातल्या प्रत्येकाला विचारा : संडासातून रक्त जाते का? कुणी 'हो' म्हटले, किंवा मान खाली घालून गप्प राहिले, तर उद्या सकाळी पहिल्या गाडीने त्याला दवाखान्यात घेऊन जा.