वाद फासा टाकण्यापूर्वी!

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कल्पित साहसांचा खेळ १९७४ साली अमेरिकेत निघाला. त्यात लढाईचा निकाल वीस बाजूंच्या फाशावर लागतो. समजा, राक्षसाचा चिलखत-अंक १५ आहे आणि तुमच्या फाशावर नेमके १५ पडले (वर काही मिळवायचे नाही असे धरू). घाव बसला का? ‘१५ किंवा अधिक’ हा अर्थ घेतला तर वीसपैकी ६ शक्यता, म्हणजे ३० टक्के. ‘१५ पेक्षा अधिक’ घेतला तर ५, म्हणजे २५ टक्के. २०१४ च्या नियमावलीत पहिला अर्थ स्पष्ट दिला आहे. पण सगळेच नियम इतके स्पष्ट नसतात. माझ्या मते, अर्थाचा वाद फासा टाकण्यापूर्वीच मिटवावा. आकडा पाहून अर्थ ठरवणे म्हणजे हवे ते उत्तर येईपर्यंत मोजपट्टीचे शून्य सरकवणे. प्रयोगवहीत तुम्ही असे कराल का?