दुसरं मत

या सदराचे निम्मे विषय सडक अर्जुनीच्या पोरांशी गप्पा मारताना सुचतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. या आठवड्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक जण म्हणाला, "१९६९ ला गिरी दुसऱ्या पसंतीवर राष्ट्रपती झाले, म्हणजे खरे जिंकलेच नाहीत." मला रागच आला.

पहिल्या मोजणीत व्ही. व्ही. गिरींच्या मतांचं मूल्य ४,०१,५१५, नीलम संजीव रेड्डींचं ३,१३,५४८ आणि आपल्या चिंतामणराव देशमुखांचं १,१२,७६९. निम्म्याच्या वर कुणीच नाही. मग देशमुखांसह मागचे उमेदवार बाद झाले, त्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली गेली. गिरी ४,२०,०७७ वर पोचले, रेड्डी ४,०५,४२७ वर राहिले. फ्रान्समध्ये यासाठी लोकांना पुन्हा मतदानाला बोलावतात. आपल्याकडे एकाच कागदावर भागतं.

यात खोटं काय? आपला माणूस पडला तर उरलेल्यांत कोण चालेल, हे सांगायलाही विचार लागतो. आणि त्या पोराला देशमुख म्हणजे नुसते 'तिसरे'. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली अर्थमंत्रिपद सोडणारा माणूस!

दुसऱ्या मताची किंमत आपल्या भागाला तर कुणी शिकवायला नको. १९५४ साली भंडारा लोकसभेची पोटनिवडणूक झाली. तेव्हा आपण भंडारा जिल्ह्यातच होतो. मतदारसंघ दोन जागांचा, एक सर्वसाधारण, एक राखीव. प्रत्येकाला दोन मतं, पण दोन्ही एकालाच देता येत नसत. राखीव जागेवर बाबासाहेब आंबेडकर उभे होते. दुसरं मत कुणालाच न देता कुजवावं, म्हणजे बाबासाहेबांच्या विरोधात ते जाणार नाही, असा कार्यकर्त्यांचा आग्रह होता. दोनच वर्षांपूर्वी मुंबईतल्या लोकसभा निवडणुकीत कुजवलेल्या मतांचा फटका बाबासाहेबांना स्वतःला बसला होता. तरी त्यांनी साफ नकार दिला. ज्याने घटना लिहिली, तो लोकांना मत वाया घालवायला सांगणार नव्हता.

बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून हरले. त्यांच्या जोडीला उभे असलेले समाजवादी अशोक मेहता मात्र सर्वसाधारण जागेवर निवडून आले. ही हकिकत मी जेव्हा जेव्हा सांगतो, तेव्हा माझा आवाज भरून येतो.

त्या वेळी मतदानाचं वय २१ होतं. म्हणजे तेव्हाचे मतदार आज नव्वदीच्या पुढे आहेत. कोहमारा, नवेगावबांध, डव्वा, कुठेही तुमच्या घरी असे आजी-आजोबा असतील, तर त्यांना विचारा, दुसरं मत कुणाला दिलं होतं. सांगायला तयार असतील तर मला लगेच कळवा, मी येतो.