माठ पाझरतो? पाझरू द्या!

लातूरच्या एका भगिनी विचारतात, "नवा माठ फार पाझरतो. बाहेरून रंग लावू का?"

नका हो! बारीक छिद्रांतून झिरपलेलं पाणी बाहेर वाळतं, आणि वाळताना माठाची उष्णता घेऊन जातं. म्हणून तर आतलं पाणी गार! छिद्रं बुजली की पाणी कोमटच राहणार. नांदेड-लातूरच्या कोरड्या हवेत माठ छान गारवा देतो, मुंबईच्या दमटपणात तेवढा नाही. मुलांना पटत नसेल तर ओल्या हातावर फुंकर मारायला सांगा.

मात्र खाली ओघळणारं पाणी वाया जाऊ देऊ नका. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीनं पाणी आलं, पहिल्या खेपेला १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर. ते दिवस लातूरकरणींना काय सांगायचे? माठाखाली परात ठेवा, साचेल ते तुळशीला घाला.