लॅरी टॅल्बट चर्चमधून परत का गेला?

माझ्या आवडत्या चित्रपटाला आमच्या ग्रुपमध्ये ‘तुझा केसाळ माणूस’ म्हणतात. ‘काय गं, केसाळ माणूस बरा आहे ना?’ अशी चौकशीही होते, जणू तो माझ्या नात्यातला आहे. चित्रपटाचं खरं नाव ‘द वुल्फ मॅन’. १९४१ सालचा, कृष्णधवल, सगळा मिळून ७० मिनिटांचा. दुसऱ्या वर्षाला गॉथिक साहित्य शिकताना मी तो पहिल्यांदा पाहिला. एकटीने, मोबाइलवर, पांघरुणात शिरून. त्यानंतर चार-पाच वेळा तरी पाहिला असेल. पण मागच्या महिन्यात आम्ही पाच जणांनी मिळून पाहिला तेव्हा कळलं, की त्यातला खरा भीतीचा प्रसंग कुठला हे मला इतक्या वेळा पाहूनही समजलं नव्हतं.

शनिवार होता. बेळगावात पडतो तसा पाऊस सकाळपासून पडत होता, थांबायचं नाव नाही. एका मैत्रिणीच्या घरी वरच्या खोलीत लॅपटॉप टीव्हीला जोडला. खाली तिची आई कांदाभजी तळत होती. भडंग होतं, चहा होता. दोघांनी ‘भेडिया’ पाहिलेला, एकाने त्याच्या काकाच्या कृपेने महेश भट्टचा ‘जुनून’सुद्धा, ज्यात राहुल रॉय पौर्णिमेला वाघ होतो. त्यामुळे सगळ्यांची अपेक्षा एकच : माणसाचा लांडगा कधी होणार ते बोल.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. लॅरी टॅल्बट हा वेल्समधल्या एका जमीनदाराचा धाकटा मुलगा. १८ वर्षं अमेरिकेत राहून, मोठा भाऊ वारल्यावर घरी परत येतो. एका रात्री एका मुलीवर लांडगा तुटून पडलेला दिसतो म्हणून तो मध्ये पडतो, चांदीच्या मुठीच्या काठीने लांडग्याला मारतो, पण स्वतःला चावा बसतो. नंतर तिथे लांडगा नसतो, एका माणसाचं प्रेत असतं. आता शाप लॅरीवर येतो. म्हणजे बघा, त्याचा गुन्हा काय, तर दुसऱ्याला वाचवायला धावला.

पहिली वीस मिनिटं आमच्याकडे नुसता गोंधळ होता. लॅरी वडिलांच्या दुर्बिणीतून समोरच्या दुकानातल्या मुलीच्या खोलीत बघतो आणि मग त्याच जोरावर तिच्याशी लगट करायला जातो, तेव्हा एक मैत्रीण उसळलीच. ‘हा तुझा हिरो? याला चावायलाच पाहिजे होतं.’ मी गप्प बसले, कारण तिचं बरोबर होतं. दुसरी गोष्ट मला स्वतःलाच खुपते. शाप कुठून येतो, तर गावाबाहेर तळ टाकलेल्या जिप्सींकडून, म्हणजे रोमा लोकांकडून. फिरस्त्या जमातीवर संशय घ्यायची ही सवय आपल्याकडेही कमी नाही. चित्रपट आवडतो म्हणून हे झाकायचं कारण नाही. एवढंच सांगते, की सगळ्या गावात लॅरीचं दुःख ओळखणारी एकच बाई आहे आणि ती याच तळावरची म्हातारी मालेवा आहे. जो माणूस मेला तो तिचा मुलगा, आणि मारणारा लॅरी. तरी ती त्याच्याशी मायेने बोलते.

मग तो क्षण आला. लॅरी खुर्चीत बसतो, बूट-मोजे काढतो... आणि कॅमेरा दाखवतो फक्त पाय! पायांवर केस उगवतात, पंजे होतात, चालू लागतात. ‘हे काय दाखवालीस गं आम्हाला?’ म्हणून हशा पिकला. मेकअप करणाऱ्या जॅक पिअर्सने याकच्या केसांनी तो चेहरा घडवला होता आणि लॉन चेनी ज्युनियर त्यासाठी तासन् तास बसायचा, असं मी सांगू लागले, तर मला भजी देऊन गप्प करण्यात आलं.

खोली शांत झाली ती पुढे, चर्चच्या प्रसंगाला. आदल्या रात्री लॅरीच्या हातून खून झालाय. त्याला नक्की आठवत नाही, पण आत कुठेतरी माहीत आहे. रविवार आहे. वडील त्याला घेऊन चर्चला येतात आणि पुढे आपल्या जागी निघून जातात. लॅरी मागेच थांबतो. आणि मग बाकांवरचे लोक एकेक करून मान वळवतात. कुणी काही बोलत नाही, कुणी दगड मारत नाही. नुसतं बघतात. लॅरी क्षणभर उभा राहतो आणि परत फिरतो. पूर्ण चित्रपटात त्याला माणूस म्हणून माणसांत बसायची सगळ्यात जास्त गरज असते ती इथे, आणि इथूनच तो निघून जातो.

पुढे त्याला कळतं, की आज रात्री आपण ज्या मुलीवर प्रेम करतो तिलाच मारणार आहोत. तो वडिलांकडे जातो आणि सगळं सांगतो. वडील वाईट नाहीत. शिकलेले आहेत, मुलावर जीव आहे. पण त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर तयार आहे : हे मनाचे खेळ आहेत. डॉक्टर सुचवतो, की मुलाला इथून दूर पाठवा, उपचार करा. तेही त्यांना पटत नाही. शेवटी मुलाच्या समाधानासाठी ते त्याला खुर्चीला बांधतात आणि लांडग्याच्या शिकारीला निघतात. जाताना मुलगाच विनवतो, की ती चांदीची काठी बरोबर न्या. पुढे काय होतं ते तुम्ही ओळखलं असेल. वडील त्याच काठीने अंधारात एका जनावराला ठार करतात आणि ते जनावर त्यांच्यासमोर हळूहळू त्यांचा मुलगा होतं. चित्रपटात चेहरा बदलताना दाखवलाय तो इथेच. माणसाचा लांडगा होताना नाही, लांडग्याचा माणूस होताना. आणि त्यावर पोलीसप्रमुख सगळ्यांना ऐकवतो, की लांडग्याने मुलीवर हल्ला केला आणि लॅरी तिला वाचवायला धावला असणार. जिवंतपणी ज्याचं कुणी ऐकून घेतलं नाही, त्याची अब्रू मेल्यावर एका वाक्यात सावरली.

चित्रपट संपला. आमच्यातला सगळ्यात बडबड्या मुलगा, ज्याने पायांच्या प्रसंगाला सगळ्यात मोठ्याने हसून घेतलं होतं, तो भडंगाची वाटी हातात धरून तसाच बसला होता. मग म्हणाला, ‘माझ्या भावानं पण असंच सांगितलं होतं. बाहेरून कडी लावा म्हणून.’

(त्याला विचारूनच हे लिहितेय. लिही म्हणाला, फक्त नाव नको.)

भावाला व्यसन लागलं होतं. एका रात्री त्याने स्वतः वडिलांना सांगितलं, मला खोलीत कोंडा, मी काय करीन मला भरवसा नाही. वडिलांनी कडी लावली. पण व्यसनमुक्ती केंद्रात न्यायचं कुणी म्हटलं की एकच उत्तर, आपल्या घरात असलं काही नसतं. शेवटी नेलं, पण त्यात आठ महिने गेले. आता तो बराच सावरलाय, कामाला जातो.

मी लगेच साहित्याची विद्यार्थिनी झाले. म्हटलं, म्हणजे लांडगा हे व्यसनाचं रूपक म्हणून बघता येईल. तो चिडला. ‘माझा भाऊ लांडगा नाही. तो लॅरी आहे.’

या वाक्यावर मी तेव्हापासून विचार करतेय. आम्ही वर्गात ‘आतला पशू’, ‘मनाची काळी बाजू’ असे शब्द सहज वापरतो. ते वापरले की माणूस आणि त्याचं दुखणं एकच होऊन जातं. चित्रपट ती चूक करत नाही. तो जवळजवळ पूर्ण वेळ लॅरीबरोबर राहतो, लांडगा पडद्यावर अगदी थोडा वेळ येतो. बाकी वेळ आपण एका घाबरलेल्या माणसाला दारोदार जाऊन ‘माझं ऐका’ म्हणताना बघतो. चूक करतो तो गाव. दारात उभा असलेला लॅरी गावाला दिसतच नाही.

आणि इथे मला माझ्याबद्दल सांगणं भाग आहे. मागच्या नाताळात मध्यरात्रीच्या मिस्सेला मित्राचा तो भाऊ आला होता. केंद्रातून येऊन थोडेच दिवस झाले होते. तो मागे दाराशी उभा होता. आमच्या ओळीतल्या बायका वळल्या, मीही वळले. वळलेच नाही फक्त, आईला कोपराने खुणावलं. थोड्या वेळाने परत पाहिलं तर तो नव्हता. मी तेव्हा काहीच केलं नाही, असं मला वाटत होतं. दर रविवारी आपण मिस्सेच्या सुरुवातीला केलेल्या पापांबरोबर न केलेल्या गोष्टींचीही कबुली देतो. ते शब्द लहानपणापासून पाठ आहेत, म्हणूनच बहुतेक कानावरून जातात. आमच्या बाकावर जागा होती. थोडं सरकून हात केला असता तर झालं असतं.

कुणी म्हणेल, भुताखेताच्या करमणुकीवर तू उगाच एवढं ओझं टाकतेस. पण पटकथा लिहिणारा कर्ट सिओडमाक कोण होता ते बघा. ड्रेस्डेनला ज्यू कुटुंबात जन्मलेला लेखक. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आल्यावर त्याला जर्मनी सोडावा लागला. या चित्रपटात पुढच्या बळीच्या तळहातावर तारा उमटतो. तो पाच टोकांचा आहे, सहा टोकांचा नाही, हे मान्य. पण ज्या १९४१ च्या डिसेंबरमध्ये हा चित्रपट आला, त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून जर्मनीत ज्यूंना कपड्यांवर पिवळा तारा लावायची सक्ती झाली होती. शेजारीपाजारी एका रात्रीत कसे बदलतात आणि लोकांच्या नुसत्या बघण्यातही काय असतं, हे या लेखकाला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. चित्रपटात गावकऱ्यांच्या तोंडी एक छोटी कविता येते. अनेकांना ती जुनी लोककविता वाटते, पण ती सिओडमाकनेच लिहिली. तिचा आशय इतकाच, की नीतीने वागणाऱ्या, प्रार्थना करणाऱ्या माणसावरही ही वेळ येऊ शकते. गावात ती सगळ्यांना पाठ आहे. पण समोर तसा माणूस आला, तेव्हा ती कुणालाही आठवली नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. असे चित्रपट एकट्याने मोबाइलवर बघू नका. एकट्याने बघताना मी दर वेळी लांडग्याला घाबरत होते आणि लॅरीची कीव करत होते, आणि दोन्हीत मी सुरक्षित होते. चौघांत बसल्यावर पडद्याइतकंच शेजाऱ्याकडेही लक्ष जातं. कोण कुठे हसलं, कोण कुठे गप्प झालं ते कळतं. हसणारा गप्प झाला तर त्याला लगेच रूपक समजावून सांगू नका, माझ्यासारखं. थोडं थांबा, चहा ओता, तो बोलेल.

मंडळाने महिन्यातून एकदा असा चित्रपट एकत्र बघायची संध्याकाळ ठेवावी, असं मी सुचवलंय. परवानगी मिळेल असं दिसतंय. पहिला चित्रपट कुठला ते सांगायला नकोच. मित्राने भावाला विचारलंय, तो येतो म्हणालाय. तो कदाचित उशिरा येईल आणि दाराशी उभा राहील. तेव्हा वळून बघायचं नाही. बाकावर सरकायचं.