मुरूम, मेकअप आणि गोरेपणाचा बाजार

चळवळीतल्या मुलीला मेकअप कशाला, असं विचारणारे कार्यकर्ते वाशीमलाही आहेत. डिसेंबर 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या बायांना जात ओळखू येईल असा पेहराव आणि जड दागिने टाकायला सांगितलं होतं. दिसण्याचा प्रश्न त्यांना क्षुल्लक वाटला नव्हता, मग आपल्याला का वाटावा?

गोरेपणा विकत घेणं मात्र वेगळं. शेजारच्या अकोल्यात एक मुलगी, तिची आई आणि बहीण, तिघींच्या किडन्या गोरं करणाऱ्या क्रीमने बिघडल्या. मुंबईच्या केईएमने त्या क्रीममध्ये पारा शोधला. बेटामेथासोन, मोमेटासोनच्या ट्यूबा चिठ्ठीशिवाय विकायच्या नाहीत, तरी मेडिकलवर सहज मिळतात. त्या स्टेरॉइडने चेहरा काही दिवस उजळतो, पुढे त्यानेच मुरूम उसळतात.

कपाळ-नाक तेलकट, गाल कोरडे, वर मुरूम? सौम्य फेसवॉश, हलकं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन पुरे. फाउंडेशनवर ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ लिहिलेलं बघा, म्हणजे छिद्रं न बुजवणारं. लिंबू-सोडा चेहऱ्याला लावू नका. मुरूम खोल, दुखणारे असतील तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. आणि दुकानदार दोन शेड उजळ फाउंडेशन पुढे करतो, तेव्हा आपल्या रंगाचंच मागा.